फ्रिडा काहलो

फ्रिडा काहलो (पूर्ण नाव: माग्दालेना कार्मेन फ्रिडा काहलो इ काल्देरोन, ६ जुलै १९०७ – १३ जुलै १९५४) या मेक्सिकन चित्रकार होत्या. मेक्सिको सिटीलगतच्या कोयोआकान येथे त्यांचा जन्म झाला आणि तेथीलच कुटुंबाच्या घरात त्यांचे निधन झाले. 'निळे घर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूत आज त्यांचे संग्रहालय आहे. काहलो यांनी सुमारे दीडशे चित्रे काढली. त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आत्मचित्रे आहेत. बालपणीचा पोलिओ, तरुणपणीचा भीषण अपघात, गर्भपात आणि वारंवार झालेल्या शस्त्रक्रिया यांमुळे शारीरिक वेदना हा त्यांच्या आयुष्याचा आणि कलेचाही कायमचा भाग बनला. ही वेदना रंगवण्यासाठी त्यांनी मेक्सिकोतील कॅथलिक लोकचित्रे, संतांच्या हौतात्म्याच्या प्रतिमा आणि स्पॅनिश आक्रमणापूर्वीची आझ्टेक प्रतीके यांचा आधार घेतला. मात्र या प्रतिमांच्या केंद्रस्थानी ख्रिस्त किंवा संत न ठेवता त्यांनी एका सामान्य स्त्रीचे जखमी शरीर ठेवले. विसाव्या शतकातील चित्रकलेत त्यांचे वेगळे स्थान मुख्यतः या बदलामुळे निर्माण झाले.

कौटुंबिक पार्श्वभूमी आणि बालपण

फ्रिडा यांचे वडील गियेर्मो काहलो हे जर्मनीतील फोर्झहाइम येथे जन्मलेले छायाचित्रकार होते. तरुणपणीच ते मेक्सिकोत स्थायिक झाले. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीत त्यांच्यावर देशातील वसाहतकालीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम सोपवण्यात आले होते. या कामात चर्चवास्तूंचाही मोठा भाग होता. आई मातिल्दे काल्देरोन या स्पॅनिश आणि मूलनिवासी अशा मिश्र वंशाच्या व अत्यंत धर्मनिष्ठ कॅथलिक होत्या. चार बहिणींमध्ये फ्रिडा तिसऱ्या. घरात कॅथलिक प्रथांचे काटेकोर पालन होत असे. मुलींनी नियमित चर्चला जावे आणि उपवास पाळावेत, असा आईचा आग्रह होता. वडील मात्र धार्मिक आचारांपासून अलिप्त राहिले. पुढे फ्रिडा यांनी श्रद्धा सोडली, तरी बालपणी रोज डोळ्यांसमोर असलेल्या धार्मिक प्रतिमा त्यांच्या चित्रांतून कधीच गेल्या नाहीत.

वयाच्या सहाव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. त्या अनेक महिने अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यानंतर त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा बारीक राहिला. वडिलांनी त्यांना मुलींसाठी त्या काळी अनोळखी असलेल्या खेळांकडे वळवले. वडिलांना अपस्माराचा विकार होता. त्यामुळे बाहेर काम करताना त्यांना झटका आल्यास सोबत असलेली फ्रिडा त्यांना आणि त्यांच्या कॅमेऱ्याला सांभाळत असे. छायाचित्रांवर बारीक कुंचल्याने रंगकाम करण्याचे कौशल्य त्या वडिलांकडूनच शिकल्या. पुढील काळातील त्यांच्या लहान आकाराच्या व तपशीलवार चित्रांत या सरावाचा उपयोग झाल्याचे दिसते.

१९२२ मध्ये त्यांनी मेक्सिको सिटीतील नॅशनल प्रिपरेटरी स्कूल या नामांकित संस्थेत प्रवेश घेतला. सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांत तेव्हा केवळ ३५ मुली होत्या. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. त्या स्वप्नाच्या खुणा पुढे त्यांच्या चित्रांतील हृदय, रक्तवाहिन्या, हाडे व गर्भ यांच्या शरीरशास्त्रीय रेखाटनांत उरल्या. याच संस्थेच्या सभागृहात प्रसिद्ध भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा त्या काळात काम करत होते. मेक्सिकन क्रांतीनंतरच्या या काळात युरोपीय संस्कृतीपेक्षा देशाच्या मूलनिवासी परंपरेला महत्त्व देण्याचा विचार जोर धरत होता. काहलो यांनी तो इतका आपलासा केला, की पुढे त्या आपले जन्मवर्ष १९०७ ऐवजी क्रांती सुरू झाल्याचे, म्हणजे १९१० सांगू लागल्या.

अपघात आणि चित्रकलेची सुरुवात

१७ सप्टेंबर १९२५ रोजी काहलो आपले मित्र आलेहान्द्रो गोमेस आरियास यांच्यासह बसने घरी जात असताना त्या बसची ट्रामशी टक्कर झाली. अनेक प्रवाशांचा मृत्यू झाला. बसमधील लोखंडी कठडा काहलो यांच्या ओटीपोटातून आरपार गेला. पाठीचा कणा, कटिभागाची हाडे आणि बरगड्या मोडल्या. उजव्या पायाची हाडे अकरा ठिकाणी तुटली आणि पाऊल चिरडले गेले. एका सहप्रवाशाजवळची सोन्याची पूड त्या धक्क्याने उधळून रक्ताळलेल्या फ्रिडा यांच्या अंगावर पसरली होती, अशी आठवण गोमेस आरियास यांनी सांगितली आहे. त्या वाचतील अशी डॉक्टरांनाही खात्री नव्हती.

रुग्णालयातून घरी आल्यावर त्यांना अनेक महिने प्लास्टरच्या कवचात निश्चल पडून राहावे लागले. आईने पलंगावर बसवता येईल असा चित्रफलक करवून घेतला आणि पलंगाच्या छताला आरसा लावला. पडल्यापडल्या जे दिसे ते स्वतःचेच प्रतिबिंब होते. येथून त्यांच्या आत्मचित्रांना सुरुवात झाली. १९२६ मध्ये त्यांनी मखमली पोशाखातील पहिले महत्त्वाचे आत्मचित्र काढून ते गोमेस आरियास यांना दिले. लांब मान आणि सडपातळ हात यांवर इटालियन चित्रपरंपरेचा ठसा असलेल्या या चित्रात दुखापतीची कोणतीही खूण नाही. जखमी शरीर चित्राचा विषय होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. वैद्यकीय शिक्षणाचा विचार मात्र अपघातानंतर कायमचा मागे पडला.

विवाह आणि अमेरिकेतील वास्तव्य

प्रकृती सुधारल्यावर काहलो डाव्या चळवळीतील तरुण कलावंतांच्या संपर्कात आल्या आणि मेक्सिकन कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य झाल्या. १९२८ मध्ये त्यांनी आपली चित्रे दिएगो रिव्हेरा यांना दाखवली. रिव्हेरा यांनी त्यांना चित्रे काढत राहण्याचे प्रोत्साहन दिले. २१ ऑगस्ट १९२९ रोजी दोघांचा विवाह झाला. तेव्हा काहलो २२ वर्षांच्या आणि रिव्हेरा ४२ वर्षांचे होते. विवाहानंतर काहलो यांनी तेवांतेपेक प्रदेशातील स्त्रियांचा पारंपरिक पोशाख नियमित वापरण्यास सुरुवात केली. मूलनिवासी संस्कृतीशी नाते सांगणारा हा पोशाख पुढे त्यांच्या चित्रांचाही भाग झाला. त्याच्या लांब झग्याने आजारी पायही झाकला जाई.

रिव्हेरा यांना अमेरिकेत भित्तिचित्रांची कामे मिळाल्याने हे दांपत्य १९३० ते १९३३ या काळात सॅन फ्रान्सिस्को, डेट्रॉइट आणि न्यू यॉर्क येथे राहिले. १९३१ मधील विवाहचित्रात काहलो यांनी वरच्या बाजूला पक्ष्याच्या चोचीत धरलेली फीत रंगवून तिच्यावर चित्राची माहिती लिहिली. लोकचित्रांतील अशा लिखित पट्टीचा त्यांनी केलेला हा सुरुवातीचा वापर होय.

डेट्रॉइट येथे ४ जुलै १९३२ रोजी काहलो यांचा गर्भपात होऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. गमावलेला गर्भ कसा दिसत असेल हे रेखाटण्यासाठी त्यांनी वैद्यकीय ग्रंथ मागितले. डॉक्टरांनी ते देण्यास नकार दिल्यावर रिव्हेरा यांनी त्यांना असे पुस्तक आणून दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या आईचे मेक्सिकोत निधन झाले. अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांतून त्यांच्या चित्रकलेला निर्णायक वळण मिळाले.

नवसचित्रांची परंपरा

हे वळण समजण्यासाठी मेक्सिकोतील नवसचित्रांची ओळख आवश्यक आहे. आजार, अपघात, बाळंतपण किंवा तुरुंगवास अशा संकटातून सुटका झाल्यावर कॅथलिक भाविक त्या प्रसंगाचे लहान चित्र काढून घेत आणि नवस फेडण्यासाठी ते चर्चमध्ये वाहत. एकोणिसाव्या शतकात स्वस्त कथलाचे पत्रे सहज मिळू लागल्यावर ही प्रथा गरीब घरांतही पसरली. ही चित्रे काढणारे बहुतेक कारागीर औपचारिक शिक्षण न घेतलेले व अनामिक असत.

अशा चित्रांची रचना ठरलेली असते. मध्यभागी संकटाचा प्रसंग, वरच्या कोपऱ्यात ढगांमध्ये प्रकट झालेली मरिया, ख्रिस्त किंवा एखादा संत आणि तळाशी लिखित मजकूर असे तिचे तीन भाग होत. मजकुरात संकटग्रस्ताचे नाव, स्थळ, तारीख आणि कृतज्ञता नोंदवलेली असते. रक्त, जखम आणि आजारपण कोणताही संकोच न करता दाखवले जाते, कारण संकट जितके मोठे तितकी कृपाही मोठी ठरते. वेदनेला येथे अर्थ आहे, कारण तिचा शेवट सुटकेत झालेला आहे.

काहलो आणि रिव्हेरा यांनी अशी चारशेहून अधिक चित्रे जमवली होती. ती आजही निळ्या घरात पाहायला मिळतात. त्यांच्या अपघाताशी विलक्षण साम्य असलेले एक जुने नवसचित्र काहलो यांच्या हाती आले होते. १९४३ च्या सुमारास त्यांनी त्यातील बसवर कोयोआकानचे नाव घातले, रस्त्यावर पडलेल्या मुलीला स्वतःच्या जुळलेल्या भुवया दिल्या आणि मुलीला वाचवल्याबद्दल आपल्या आईवडिलांनी दुःखी माता मरियेचे आभार मानल्याचा मजकूर लिहिला. आईवडिलांनी प्रत्यक्षात न वाहिलेले नवसचित्र त्यांनी अशा रीतीने स्वतःच पूर्ण केले.

जन्म, गर्भपात आणि हिंसा

'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' (१९३२) हे पत्र्यावर तैलरंगांत काढलेले लहान चित्र नवसचित्राच्या रचनेवर आधारलेले आहे. रक्ताने माखलेल्या पलंगावर विवस्त्र फ्रिडा पडलेल्या आहेत. त्यांच्या हातातील लाल फितींना सहा वस्तू बांधलेल्या आहेत: गर्भ, गोगलगाय, स्त्रीदेहाची वैद्यकीय प्रतिकृती, यंत्र, ऑर्किडचे फूल आणि कटिभागाचे हाड. नाळेसारख्या दिसणाऱ्या या फिती त्या वस्तूंना देहाशी जोडतात. मागे डेट्रॉइटच्या कारखान्यांचे क्षितिज आहे. नवसचित्रात ज्या जागी देवता प्रकट होते, त्या वरच्या भागात येथे मृत गर्भ तरंगतो. हा प्रसंग सुटकेचा नसल्याने कृतज्ञतेच्या मजकुरालाही येथे जागा नाही. युरोपीय चित्रकलेत विवस्त्र स्त्रीदेह शतकानुशतके सौंदर्याचा किंवा कामनेचा विषय राहिला होता. गर्भपाताचा अनुभव त्या स्त्रीच्याच दृष्टीतून इतक्या उघडपणे रंगवल्याचे उदाहरण त्यापूर्वी क्वचितच आढळते.

त्याच वर्षीच्या 'माझा जन्म' या चित्रात ही रचना आणखी कठोर होते. पलंगावरील स्त्रीचा चेहरा आणि छाती पांढऱ्या चादरीने झाकलेली आहे आणि तिच्या शरीरातून जुळलेल्या भुवयांच्या बाळाचे डोके बाहेर येत आहे. चादरीने झाकलेली स्त्री ही नुकत्याच वारलेल्या आईची आठवण करून देते. अर्भक म्हणजे स्वतः फ्रिडा आणि गमावलेले मूल असे दोन्ही अर्थ लावले गेले आहेत. पलंगाच्या वर भिंतीवर खंजीर रुतलेल्या, अश्रू ढाळणाऱ्या दुःखी माता मरियेची तसबीर आहे. ती पाहते आहे, पण तिच्या हातून काही घडत नाही. तळाशी मजकुरासाठी फीत रंगवलेली असून ती कोरी ठेवलेली आहे. नवसचित्राचे सर्व घटक येथे आहेत, फक्त चमत्कार नाही.

१९३५ मधील 'काही छोटे ओरखडे' या चित्राचा आधार एका वृत्तपत्रातील बातमी होता. मद्यधुंद पुरुषाने एका स्त्रीचा भोसकून खून केला होता आणि न्यायालयात आपल्या कृत्याला क्षुल्लक ठरवण्याचा प्रयत्न केला होता. चित्राचे उपरोधिक शीर्षक त्याच्या या बचावावरून घेतले आहे. जखमांनी भरलेले स्त्रीचे प्रेत पलंगावर आहे आणि शेजारी हातात सुरी घेतलेला मारेकरी शांतपणे उभा आहे. वर एक पांढरा आणि एक काळा पक्षी शीर्षकाची फीत धरून आहेत. रक्ताचे शिंतोडे चित्राच्या चौकटीवरही उडालेले आहेत. याच सुमारास रिव्हेरा आणि फ्रिडा यांची धाकटी बहीण क्रिस्तिना यांचे संबंध उघडकीस आले होते. त्यामुळे चरित्रकारांनी या चित्रात वैयक्तिक दुःखाचाही अंश पाहिला आहे. तरीही चित्राचा प्रत्यक्ष विषय एका अनोळखी स्त्रीवरील हिंसा आणि ती क्षुल्लक मानणारी वृत्ती हा आहे.

या शैलीमुळे वादही झाला. अमेरिकन अभिनेत्री डोरोथी हेल यांनी १९३८ मध्ये आत्महत्या केल्यानंतर त्यांची मैत्रीण, लेखिका क्लेअर बूथ ल्यूस यांनी काहलो यांच्याकडून स्मृतिचित्र मागवले. नेहमीच्या व्यक्तिचित्राची अपेक्षा असताना त्यांच्या हाती उंच इमारतीवरून कोसळणारी आणि खाली रक्ताळून पडलेली स्त्री दाखवणारे, तळाशी लाल अक्षरांत मजकूर असलेले चित्र आले. ल्यूस इतक्या हादरल्या, की त्यांनी चित्र नष्ट करण्याचाही विचार केला. अखेर मजकुरातील काही भाग पुसून घेण्यात आला आणि चित्र वाचले. आज ते फिनिक्स येथील कलासंग्रहालयात आहे.

प्रदर्शने आणि घटस्फोट

१९३७ च्या जानेवारीत रशियन क्रांतिकारक लिऑन ट्रॉटस्की यांना मेक्सिकोत आश्रय मिळाला आणि ते निळ्या घरात राहू लागले. काहलो यांचे त्यांच्याशी काही काळ प्रेमसंबंध होते. पुढील वर्षी मेक्सिकोत आलेले फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांनी काहलो यांना अतिवास्तववादी चित्रकार ठरवले. काहलो यांना हे वर्गीकरण मान्य नव्हते. आपण स्वप्ने नव्हे, तर स्वतःचे वास्तव रंगवतो अशी त्यांची भूमिका होती.

नोव्हेंबर १९३८ मध्ये न्यू यॉर्कच्या ज्युलियन लेव्ही गॅलरीत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. १९३९ मध्ये पॅरिसमधील प्रदर्शनातून त्यांचे 'चौकट' हे आत्मचित्र फ्रेंच सरकारने विकत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिव्हेरा व काहलो यांचा घटस्फोट झाला. ८ डिसेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी पुन्हा परस्परांशी विवाह केला.

काटे, हृदय आणि दूध

काहलो यांच्या चित्रांतील धार्मिक प्रतीके केवळ ख्रिस्ती नाहीत. आझ्टेक समाजात वनस्पतींच्या काट्यांनी शरीर टोचून देवतांना रक्त अर्पण केले जाई आणि सूर्याच्या गतीसाठी मानवी हृदयाचा बळी दिला जाई. स्पॅनिश धर्मप्रसारकांनी आणलेल्या प्रतिमांतही काट्यांचा मुकुट, ठिबकणारे रक्त आणि येशूचे उघडे पवित्र हृदय होते. मेक्सिकोच्या लोकधर्मात हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. त्यामुळे काहलो यांच्या चित्रातील काटा किंवा हृदय एकाच वेळी दोन्ही परंपरांशी बोलते.

'माझी दाई आणि मी' (१९३७) या चित्रात मरिया आणि बाळ येशूच्या परिचित प्रतिमेची जागा सावळ्या मूलनिवासी दाईने घेतली आहे. तिच्या चेहऱ्यावर दगडी मुखवटा आहे. तिच्या कुशीत प्रौढ चेहऱ्याची लहानगी फ्रिडा दूध पिते आहे. मात्र दोघींच्या नजरेत ममतेची देवाणघेवाण दिसत नाही. 'दोन फ्रिडा' (१९३९) या सुमारे पावणेदोन मीटर लांबीरुंदीच्या चित्रात युरोपीय पोशाखातील आणि तेवाना पोशाखातील अशा दोन फ्रिडा हात धरून बसल्या आहेत. दोघींची हृदये उघडी असून एकाच रक्तवाहिनीने जोडलेली आहेत. युरोपीय पोशाखातील फ्रिडाने वाहिनीचे तुटलेले टोक शस्त्रक्रियेच्या चिमट्याने धरले आहे, तरी रक्त पांढऱ्या झग्यावर ठिबकते. पवित्र हृदयाची भक्तिप्रतिमा, आझ्टेक बळी आणि शस्त्रक्रियेचे टेबल या तिन्हींचे धागे येथे एकत्र येतात.

'काट्यांचा हार आणि हमिंगबर्ड असलेले आत्मचित्र' (१९४०) हे त्यांचे सर्वांत परिचित आत्मचित्रांपैकी एक आहे. ख्रिस्ताच्या डोक्यावरील काट्यांचा मुकुट येथे गळ्यातील हार झाला आहे. काटे रुतून रक्त आले आहे, पण चेहरा स्थिर असून नजर थेट पाहणाऱ्यावर रोखलेली आहे. हाराला मेलेला हमिंगबर्ड लटकतो. आझ्टेकांच्या युद्धदेवतेशी या पक्ष्याचा संबंध होता, तर मेक्सिकन लोकसमजुतीत मृत हमिंगबर्ड प्रेमात यश देणारा ताईत मानला जाई. खांद्यामागे माकड आणि काळे मांजर आहे. एखाद्या संताच्या पूजाचित्रासारखी समोरून घेतलेली ही प्रतिमा दया मागत नाही. हे चित्र सध्या टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे.

'भग्न स्तंभ' आणि 'जखमी हरीण'

१९४४ मध्ये पाठीचे दुखणे बळावल्याने काहलो यांना पोलादी पट्ट्यांचे कवच वापरावे लागले. त्याच वर्षी काढलेल्या 'भग्न स्तंभ' या चित्राची उंची केवळ ४० सेंटिमीटर आहे. छातीपासून कटीपर्यंत उभे चिरलेले शरीर आणि कण्याच्या जागी अनेक ठिकाणी तडकलेला ग्रीक धाटणीचा दगडी स्तंभ असे त्याचे स्वरूप आहे. पांढऱ्या पट्ट्यांनी हे शरीर जेमतेम एकत्र धरले आहे. चेहऱ्यावर आणि अंगभर खिळे ठोकलेले आहेत. त्यांतील मोठा खिळा हृदयाजवळ आहे. मागची जमीनही शरीरासारखीच भेगाळलेली आहे.

खिळे क्रुसाची, कमरेभोवतीचे पांढरे वस्त्र क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताची आणि अंगभर रुतलेली टोके बाणांनी विद्ध संत सेबास्टियनची आठवण करून देतात. संतचित्रांत अशा वेळी डोळे आकाशाकडे लागलेले असतात, कारण वेदनेची दखल घेणारा वर आहे असा विश्वास असतो. येथे गालांवर अश्रू आहेत, पण डोळे समोर पाहतात. आकाशात कोणी नाही. उघड्या वक्षाचे सौंदर्य आणि शरीराची मोडतोड या दोन्ही गोष्टी चित्रकर्तीने सारख्याच स्पष्टपणे रंगवल्या आहेत. जखमेमुळे स्त्रीत्व नाहीसे होत नाही आणि सौंदर्यामुळे जखम झाकलीही जात नाही.

१९४६ मध्ये न्यू यॉर्क येथे त्यांच्या कण्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या 'जखमी हरीण' या चित्रात हरणाच्या शरीरावर काहलो यांचा चेहरा असून अंगात नऊ बाण रुतले आहेत. संत सेबास्टियनच्या हौतात्म्याशी या प्रतिमेचे नाते उघड आहे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात स्वाक्षरीजवळ 'कर्म' हा मूळचा भारतीय शब्द लिहिलेला आहे. युरोपातील संत, मेक्सिकोचे अरण्य आणि भारतीय कर्मकल्पना यांचा असा मेळ त्यांच्या विचारांतील मोकळेपणा दाखवतो. १९४९ मधील 'विश्वाचे प्रेमालिंगन' या चित्रात मरियेच्या मांडीवरील येशूप्रमाणे फ्रिडा यांच्या मांडीवर बालरूपातील रिव्हेरा असून त्यांच्या कपाळावर तिसरा डोळा आहे.

अखेरची वर्षे

१९४३ पासून काहलो यांनी 'ला एस्मेराल्दा' या कलाशाळेत अध्यापन केले. प्रकृतीमुळे शाळेत जाणे अशक्य झाल्यावर त्या विद्यार्थ्यांना घरीच शिकवत. शेवटपर्यंत सोबत राहिलेले चार विद्यार्थी 'लोस फ्रिडोस' या नावाने ओळखले गेले.

१९५० मध्ये त्या नऊ महिने रुग्णालयात होत्या आणि त्यांच्या कण्यावर सात शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर १९५१ मध्ये त्यांनी शल्यविशारद हुआन फारिल यांच्यासाठी एक आत्मचित्र काढले. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या काहलो यांच्या हाती रंगांच्या पाटीऐवजी हृदय आहे, कुंचल्यांतून रक्त ठिबकते आणि शेजारच्या चित्रफलकावर डॉक्टरांचे चित्र आहे. नवसचित्रातील तारणाऱ्या संताची जागा येथे डॉक्टरांना मिळाली आहे.

एप्रिल १९५३ मध्ये मेक्सिको सिटीत त्यांचे मायदेशातील पहिले मोठे स्वतंत्र प्रदर्शन भरले. डॉक्टरांनी अंथरुणातून उठण्यास मनाई केल्याने त्यांचा पलंग आधीच गॅलरीत नेण्यात आला. काहलो रुग्णवाहिकेतून आल्या आणि पलंगावर पडूनच त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वेदनाशामक औषधांवरील अवलंबन वाढल्याने अखेरच्या चित्रांतील रेषा सैल आणि रंगलेपन जाड झाले.

१९५४ मधील 'मार्क्सवाद आजाऱ्यांना आरोग्य देईल' हे चित्र याच काळातील आहे. त्यात कवच घातलेल्या फ्रिडा कुबड्या टाकून उभ्या आहेत. दोन विशाल हात त्यांना आधार देत आहेत आणि वर, नवसचित्रात देवता असते त्या जागी, कार्ल मार्क्स आहेत. श्रद्धा सोडलेल्या चित्रकर्तीने बालपणीच्या धर्मचित्राची चौकट अखेरपर्यंत सोडली नव्हती, हे यातून दिसते. 'माझा जन्म' मध्ये निष्क्रिय असलेली तारणहाराची जागा आधी वैद्यकाने आणि शेवटी राजकीय विचाराने भरली गेली.

२ जुलै १९५४ रोजी ग्वातेमालातील अमेरिकी हस्तक्षेपाविरुद्धच्या मोर्चात त्या चाकांच्या खुर्चीतून सहभागी झाल्या. १३ जुलै १९५४ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे हे मृत्यूचे अधिकृत कारण नोंदवले गेले. शवविच्छेदन न झाल्याने औषधांच्या अतिसेवनाची शंकाही व्यक्त झाली आहे. अंत्यदर्शनासाठी पार्थिव पॅलेस ऑफ फाइन आर्ट्समध्ये ठेवले असता शवपेटीवर कम्युनिस्ट ध्वज पसरण्यात आला. त्यांच्यावर दहनसंस्कार झाले आणि अस्थी निळ्या घरात ठेवण्यात आल्या. १९५८ मध्ये हे घर संग्रहालय म्हणून खुले झाले.

मूल्यमापन आणि वारसा

हयातीत काहलो यांची ओळख प्रामुख्याने रिव्हेरा यांच्या पत्नी अशी होती. १९७० नंतर स्त्रीवादी कलासमीक्षेने त्यांच्या कामाकडे नव्याने लक्ष वेधले. १९८३ मध्ये हेडन हेरेरा यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे त्या जगभर परिचित झाल्या. १९८४ मध्ये मेक्सिको सरकारने त्यांची चित्रे राष्ट्रीय कलावारसा म्हणून घोषित केली. २००२ मध्ये त्यांच्या जीवनावर 'फ्रिडा' हा चित्रपट आला. २०२१ मध्ये त्यांचे 'दिएगो आणि मी' हे चित्र लिलावात ३ कोटी ४९ लाख डॉलरला विकले गेले. लॅटिन अमेरिकन कलाकाराच्या कलाकृतीला लिलावात मिळालेली ती तोपर्यंतची सर्वाधिक किंमत होती.

त्यांच्या चित्रांच्या अर्थाविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. एका मतानुसार ही चित्रे प्रामुख्याने त्यांच्या आजारपणाची आणि वैवाहिक दुःखाची रोजनिशी आहेत. दुसऱ्या मतानुसार असा अर्थ लावल्याने चित्रकर्तीचे बौद्धिक कर्तृत्व झाकोळते. नवसचित्रे, बरोक संतचित्रे आणि आझ्टेक शिल्पे यांची विचारपूर्वक निवड, त्यांच्या रचनेतील बदल आणि राजकीय आशय यांकडे त्यामुळे दुर्लक्ष होते, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे. मूलनिवासी स्त्रियांचा पोशाख आणि प्रतीके यांच्या वापराचीही चिकित्सा झाली आहे. काहलो स्वतः शहरी मध्यमवर्गीय कुटुंबातील असल्याने या प्रतिमांच्या मूळ वारसदार स्त्रियांचे प्रश्न त्यांत किती येतात, असा प्रश्न विचारला जातो.

त्यांच्या लोकप्रियतेचे स्वरूपही चर्चेचा विषय ठरले आहे. आज त्यांचा चेहरा कपडे, पिशव्या आणि पूजेच्या मेणबत्त्यांवरही छापला जातो. यातील बहुतेक प्रतिमांत फुले, दागिने आणि जुळलेल्या भुवया असतात, पण रक्त, खिळे आणि गर्भपात नसतात. वेदना सहन करणारी संत अशी त्यांची प्रतिमा लोकमानसात रूढ झाली आहे. मूळ चित्रांत मात्र वेदना कोणत्याही पुण्याची किंमत म्हणून येत नाही. ज्या धर्मपरंपरेने दुःखाला तारणाचा मार्ग मानले, तिचीच चित्रभाषा वापरून काहलो यांनी स्त्रीच्या शरीराला घडलेले दुःख कोणत्याही आश्वासनाविना समोर मांडले.